टॅब्लो सर्व्हरची साफसफाई: जावास्क्रिप्ट लायब्ररी टाकली म्हणजे झालं?

अर्धविराम
काल एकाने पोस्ट टाकली: टॅब्लो (डेटाचे आलेख, डॅशबोर्ड दाखवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरचं अ‍ॅडमिन जावास्क्रिप्टच्या वीस ओळींत. लायब्ररी घ्या, साइन-इन करा, यूजरची यादी मागवा, वर्षभर न फिरकलेले प्रॉमिस.ऑलमध्ये (अनेक कामांची एकत्र वाट पाहणारी जावास्क्रिप्टची सोय) घालून उडवा. "पायथनची गरजच काय?" खाली टाळ्यांचा पाऊस. त्या वीस ओळी कुणी खऱ्या सर्व्हरवर चालवायच्या आत हे लिहितोय.

साइन-इनपासूनच घोळ. तिथे पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन (पासवर्डऐवजी द्यायची किल्ली) वापरलंय आणि प्रत्येक कामाआधी लायब्ररी आपणहून साइन-इन करते. त्याच टोकनने पुन्हा आत शिरलं की टॅब्लो आधीचं सेशन मोडतं. दहा कामं एकदम सोडा, शेवटचं टिकेल, बाकी नऊ ४०१ ("ओळख पटत नाही") घेऊन परत. आणि ४०१ दिसला की लायब्ररी पुन्हा साइन-इन करणार! साइन-इन एकदाच करायचं आणि मिळालेलं सेशन टोकन सगळ्या कॉलना पुरवायचं. सर्व्हरवर ते मुळात २४० मिनिटं चालतं.

दुसरं, साइटचं (सर्व्हरवरच्या स्वतंत्र कप्प्याचं) नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (स्क्रिप्टला बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून) घेतलंय. नसेल तर रिकामी स्ट्रिंग (मजकूर). टॅब्लोत रिकामा कंटेंट-यूआरएल (साइट ओळखायचं नाव) म्हणजे डिफॉल्ट साइट. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं की चाचणीच्या साइटसाठी लिहिलेली स्क्रिप्ट डिफॉल्ट साइटवर झाडू मारून येते, तेही निमूटपणे.

तिसरं, पान वाचलं की लगेच पुसणं. पहिल्या पानावरचे १०० उडवले की १०१ ते २०० सरकून पहिल्या पानावर येतात, आणि स्क्रिप्ट मात्र दुसरं पान मागते. एकाआड एक शंभर बचावतात. आधी सगळी यादी गोळा करा, फाइलीत उतरवा, डोळ्यांखालून घाला, मग हात लावा.

नोडकरी
एवढं रामायण झालं, पण यात जावास्क्रिप्टचा दोष कुठला? पान पुसत पुढे जाणं पायथनमध्येही तितकंच चूक. रिकामी साइट पायथनमध्येही डिफॉल्टच. दोष लिहिणाऱ्याचा आणि फटके भाषेला. ज्यांचं बाकी सगळं काम नोडमध्ये (ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) आहे त्यांनी एका साफसफाईसाठी दुसरा संसार का मांडायचा?

अर्धविराम
कारण टॅब्लोचा अधिकृत क्लायंट पायथनचा आहे आणि त्याचा पेजर पानांची मोजदाद स्वतः करतो. जावास्क्रिप्टात हौशी लायब्ऱ्या. त्यांचा सोर्स न वाचता अ‍ॅडमिनचं टोकन हातात देणं म्हणजे अनोळखी माणसाला तिजोरीची किल्ली.

टंकलेखक
भाषेचा दोष नाही म्हणता? मग हे बघा. जेसनमध्ये (सर्व्हरच्या उत्तराच्या मजकुरी साच्यात) टॅब्लो पान क्रमांक आकडा म्हणून देत नाही, स्ट्रिंग देतो. पुढच्या पानासाठी त्यात १ मिळवलात की "१" अधिक १ म्हणजे "११". समजा १,२०० यूजर, पानाला १००, म्हणजे १२ पानं. स्क्रिप्ट पहिलं पान वाचते, मग थेट अकरावं, मग १११वं मागते. तिथे सर्व्हर ४०० ("विनंती चुकीची") देतो. फेच (जावास्क्रिप्टचं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) तर ४०० ला एरर मानतच नाही, रिस्पॉन्स.ओके स्वतः तपासावं लागतं. ते न तपासता "यूजर आले नाहीत, यादी संपली" असं धरलं की अहवाल तयार: एकूण यूजर २००. पायथन अशी बेरीज करायलाच नकार देईल.

नोडकरी
टाइपस्क्रिप्ट (टाइप लिहून देता येणारी जावास्क्रिप्ट) नावाची गोष्ट ऐकली असेलच.

टंकलेखक
ऐकलीय. टाइप लिहिताना "हा नंबर आहे" असं कुणीतरी ठोकून दिलेलं असतं. कोड चालताना ते टाइप कुठे उरतात? सर्व्हरकडून स्ट्रिंगच येणार. सीमेवर नंबर() लावून आकडा करून घ्या, नाहीतर टाइपस्क्रिप्ट फक्त खोटं नीटनेटकं मांडतं.

आणि तारखेचं तर विचारूच नका. कधीच लॉगिन न केलेल्या यूजरच्या नोंदीत लास्ट-लॉगिन नसतं. ते अनडिफाइन्ड (मूल्यच नाही) दिलात तर न्यू डेट म्हणते अवैध तारीख. तिच्याशी लहान-मोठी कुठलीही तुलना खोटी, म्हणून तो यूजर कायम बचावतो. लायब्ररीने सौजन्य म्हणून तिथे नल (मुद्दाम ठेवलेलं रिकामं मूल्य) भरलं असेल तर तीच न्यू डेट देते १ जानेवारी १९७०. म्हणजे काल जोडलेला माणूस पन्नासहून अधिक वर्षं फिरकला नाही, उडवा!

क्रॉनवाला
कधीच लॉगिन केलं नाही तर उडवायलाच हवा की. लायसन्स फुकट अडवून बसतात.

टंकलेखक
सोमवारी रुजू होणाऱ्यांची खाती शुक्रवारी उघडली आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रविवारी रात्री. कळलं?

क्रॉनवाला
मग उडवू नका, साइट रोल अनलायसन्स्ड करा. लायसन्स सुटतं, माणूस यादीत राहतो, चूक झाली तर परत फिरवता येते. शिवाय ज्याच्या नावावर वर्कबुक (टॅब्लोतल्या अहवालांच्या फायली) आहेत तो मालकी दुसऱ्याकडे दिल्याशिवाय पुसला जात नाही, हे त्या वीस ओळींच्या गावीही नाही.

विषय निघालाच आहे तर, अंतर्गत सर्टिफिकेट चालत नाही म्हणून नोडची टीएलएस तपासणी (समोरचा सर्व्हर खरा का, ही) शून्य करून टाकणारे महाभाग आधी आवरा. नोड-एक्स्ट्रा-सीए-सर्ट्समध्ये आपल्या सीएची (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेची) फाइल दिली की एका ओळीत काम होतं. अ‍ॅडमिनचं टोकन पाठवताना समोर कोण आहे हे तपासणारच नाही, ही कसली बचत?

नोडकरी
सर्टिफिकेटचं मान्य, पण तो धाग्याचा विषय नाही.

अर्धविराम
तुम्ही प्रॉमिस.ऑलबद्दल अजून अवाक्षर काढलेलं नाही.

नोडकरी
काढतो. एक रिक्वेस्ट फसली की प्रॉमिस.ऑल तिथेच रिजेक्ट होतं, पण सुटलेल्या बाकीच्या रिक्वेस्ट थांबत नाहीत. स्क्रीनवर "अयशस्वी", मागे पुसणं चालूच. म्हणून ऑल-सेटल्ड (यश-अपयश काहीही असो, सगळ्यांचे निकाल जमवणारं) हवं, आणि एका वेळी चार-पाचच्या वर नाही. पण हे सांगणारा मीही जावास्क्रिप्टवालाच आहे, एवढं लक्षात असू द्या.

अर्धविराम
आहे. तुमच्या कोडला आक्षेप नाही, त्या वीस ओळींना आहे.

टंकलेखक
वीस कुठल्या आता, नंबर(), ऑल-सेटल्ड, ओके-तपासणी आणि नलची चाळणी धरून साठ तरी झाल्या.

नोडकरी
पायथनमध्येही पन्नास होतील. साइटचं नाव रिकामं असेल तर पहिल्याच ओळीला थ्रो करा (एरर देऊन थांबा), ती एकसष्टावी.