मदत हवी आहे : प्लेऑफमधील (बाद फेरीतील) जोड्या, म्हणजे कोणता बचावपटू कोणासमोर उभा राहतो, नेमक्या कशा ओळखाव्यात?

२०१६ च्या एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) अंतिम फेरीतील क्लीव्हलँड विरुद्ध गोल्डन स्टेट हा सातवा सामना मी दोनदा पूर्ण पाहिला असून, चौथ्या सत्रात कोण कोणाला अडवत होते याची नोंद वहीत केली आहे. गुणफलकाचा येथे उपयोग होत नाही. त्यात गुण दिसतात, बचाव कोणाचा होता ते दिसत नाही.

८९-८९ अशी बरोबरी असताना क्लीव्हलँडच्या कायरी अर्विंगसमोर क्ले थॉम्पसन होता. क्लीव्हलँडच्याच जे. आर. स्मिथने येऊन स्क्रीन लावली (म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभे राहून त्याला अडवले), गोल्डन स्टेटच्या दोन बचावपटूंनी अडवायच्या खेळाडूंची आपसात अदलाबदल केली आणि अर्विंगसमोर थॉम्पसनऐवजी स्टेफ करी आला. ५३ सेकंद उरले असताना अर्विंगने त्याच्या डोक्यावरून तीन गुणांचा फटका मारला. पुढे सामना ९३-८९ असा संपला. (गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनचे पाचव्या सामन्यातील निलंबन आणि बोगटची दुखापत मला ठाऊक आहे, कृपया चर्चा तिकडे नेऊ नये.)

माझा समज असा, की क्लीव्हलँड करीला मुद्दाम शोधून पुढे आणत होते. मात्र बास्केट झाली म्हणून मागाहून तसे वाटते की काय, अशी शंका येते. माझ्याकडे केवळ चित्रफीत आहे, सशुल्क आकडेवारी नाही. अशा वेळी स्क्रीन लावण्यापूर्वीच्या कोणत्या हालचाली पाहिल्या म्हणजे जोडी ठरवून जुळवली होती हे कळेल, आणि अदलाबदल न करता करीने क्षणभर पुढे येऊन आपल्या खेळाडूकडे परतायचे ठरवले असते, तर कोणता नेमबाज मोकळा सुटला असता?