ज्युलिया: नाव, आडनाव की गोत्र?

ओवी: रोमन इतिहासाचा अनुवाद करतेय. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरच्या मुलीचं पॉम्पी या सेनापतीशी लग्न झालं, तिला मूळ पुस्तकात नुसतं 'ज्युलिया' म्हटलंय. मी 'ज्युलिया हे कुलनाम' अशी टीप दिली. संपादकांनी खोडून 'आडनाव' केलं, वर विचारलं, मग लग्नानंतर बदललं कसं नाही? काय ठेवू?

निवडुंग: ओवीताई, आडनाव नकोच. सीझरचं पूर्ण नाव गायस ज्युलियस सीझर. गायस हे त्याचं स्वतःचं नाव, ज्युलियस कुळाचं, सीझर कुळातल्या शाखेचं. मुलीला कुळाच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप मिळे आणि ते लग्नानंतरही टिके. दोघी बहिणी असल्या तर थोरली-धाकटी. रोमन सेनानी मार्क अँटनीच्या दोघी मुली, दोन्ही अँटोनिया, अशाच ओळखल्या जातात. सरळ 'गोत्र' लिहा.

माजघर: गोत्र कसं चालेल? आपल्याकडे लग्न झालं की बाईचं गोत्र बदलतं. शिवाय गोत्राने कुणी हाक मारत नाही.

चिंचपाणी: व्याकरण बघा, ज्युलियस हे विशेषणासारखं चालतं. लॅटिनमध्ये कायदा स्त्रीलिंगी, म्हणून 'लेक्स ज्युलिया'. महिना पुल्लिंगी, म्हणून 'मेन्सिस ज्युलियस', म्हणजे आपला जुलै. आपलं 'काळे'ही विशेषणच, पण आदरार्थी बहुवचनात गोठलेलं. काळेबाई म्हणतो, काळीबाई नाही.

माजघर: गोठलेलं? 'काळ्यांचा वाडा' म्हणता ना? आणि माझी आजी शेजारणीला 'कुलकर्णीण' म्हणायची. स्त्रीलिंगी रूप आपल्यातही होतं, प्रमाणभाषेच्या आग्रहापायी आपण ते गावंढळ ठरवलं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

निवडुंग: पण कुलकर्णीण ही बायको. रोमन वक्ता मार्कस टुलियस सिसेरोची टुलिया ही लेक, बायको मात्र टेरेन्शियाच राहिली. दोन्ही एका मापाने मोजू नका.

चिंचपाणी: सिसेरोवरून आठवलं, लॅटिनमध्ये 'सिसेर' म्हणजे हरभरा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, सिसेरोच्या पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. रोमन लेखक प्लिनी म्हणतो, ज्या घराण्याला जे पीक उत्तम साधे त्यावरून नाव पडलं, जसं लेंटुलस हे घराण्याचं नाव मसुरावरून. मला प्लिनी पटतो. आमच्या आजोळी भोपळे आणि दोडके दोन्ही आडनावांची घरं आहेत.

निवडुंग: मला नाकच पटतं. टोपणनावं अंगावरूनच पडतात, पिकं दरवर्षी बदलतात.

ओवी: प्रकरण उद्या द्यायचंय. 'कुलनाम' ठेवू ना?

माजघर: ताई, 'घराण्याचं नाव' लिहा, कुणालाही कळेल. पण आधी 'ज्युलिया' तरी बदला. लॅटिन उच्चार 'यूलिया' आहे.