गैरहजेरीत काढून टाकलेला दावा परत मूळ नंबरवर घेण्याबाबत (दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर 9 रूल 9)

प्रश्न:
साठेखताच्या करारपूर्तीचा दावा आहे. 12 मार्चला वादीच्या पुराव्याची तारीख होती. वादी आणि त्याचे वकील दोघेही गैरहजर, म्हणून दावा काढून टाकला. ई-कोर्टवर हे 5 एप्रिलला दिसलं, हुकुमाची नक्कल 17 एप्रिलला मिळाली. आज 20 एप्रिल. 30 दिवस नक्कल मिळाल्यापासून धरायचे का? की सरळ नवा दावा लावावा? निशाणी 5 वर (अंतरिम मनाईच्या अर्जावर) मनाई हुकूम मिळालेला होता, त्याचं काय होतं?

उत्तर 1:
आधी 12 मार्चचा रोजनामा (कोर्टाने त्या दिवशीच्या कामकाजाची केलेली नोंद) आणि हुकूम नीट वाचा. त्या दिवशी प्रतिवादीकडून कोणी हजर होतं का, यावर पुढचा रस्ता ठरतो. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर तो ऑर्डर 9 च्या रूल 3 चा हुकूम. मग रूल 4 खाली दावा परत मूळ नंबरवर घ्यायचा (म्हणजे पुन्हा चालू करायचा) अर्ज करता येतो किंवा मुदत उरली असेल तर नवा दावाही लावता येतो. प्रतिवादी हजर असेल, नुसते त्याचे वकील असले तरी, तर तो रूल 8 चा हुकूम आणि मग रूल 9 प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा चालतच नाही. तसंही करारपूर्तीच्या दाव्याला मुदत 3 वर्षांची, त्यामुळे नव्या दाव्याच्या भरवशावर राहू नका.

हुकमात गुणदोषावर निर्णय दिला असेल (ऑर्डर 17 रूल 3), तर हा अर्ज चालणार नाही, अपीलच करावं लागेल.

मुदतीबाबत तुमचा हिशोब चुकतोय. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 122 प्रमाणे 30 दिवस दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून मोजतात. कळल्यापासून नाही. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा करायची कलम 12 ची सवलत अपील, रिव्हिजन, रिव्ह्यूला आहे, या अर्जाला नाही. 12 मार्च सोडून मोजलं तर मुदत 11 एप्रिलला संपली. म्हणजे आज 9 दिवस उशीर आहे. नक्कल हातात नसतानाही अर्ज देता आला असता, ती मागून जोडता येते.

उत्तर 2:
उशीर थोडा आहे, पण अर्ज दोन लागतील: मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा आणि रूल 9 चा. दोन्हींना स्वतंत्र प्रतिज्ञापत्र जोडा, कारण 12 मार्चला का आला नाहीत आणि 11 एप्रिलनंतर का थांबलात, ही दोन वेगळी कारणं आहेत. बरेच अर्ज इथेच पडतात. गैरहजेरीचं कारण भरपूर लिहिलेलं असतं आणि विलंबाबद्दल एक ओळ.

"प्रकृती ठीक नव्हती" एवढ्यावर भागत नाही. आजारपण असेल तर त्या तारखेचे दवाखान्याचे कागद द्या. वकिलांनी तारीख चुकीची टिपली असेल तर डायरीच्या त्या पानाची प्रत आणि वकिलांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्या. वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्येच म्हटलंय. पण आधीच्या तारखांनाही वादी सतत गैरहजर असेल तर समोरचा वकील रोजनामेच वाचून दाखवेल, त्याची तयारी ठेवा. 5 ते 20 एप्रिलमधलं स्पष्टीकरण तारखांसह लिहा. नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, हे त्यातच येऊ द्या. मुदत वाढली नाही तरी उशिराचं कारण म्हणून ते उपयोगी पडतं.

रूल 9 मध्ये प्रतिवादीला नोटीस दिल्याशिवाय दावा परत नंबरवर घेता येत नाही. नोटिशीचा भत्ता (नोटीस बजावण्याची फी) वेळेत भरा. तो राहिला की हा अर्जही काढून टाकला जातो आणि मग तो परत नंबरवर घेण्यासाठी आणखी एक अर्ज. कोर्ट बहुधा खर्च बसवून दावा घेतं. दिलेल्या तारखेआधी तो भरून पावती जोडा.

उत्तर 3:
मनाईबद्दल: दावा काढून टाकला तेव्हाच ती संपली. दावा परत नंबरवर आला की आधीचे अंतरिम हुकूमही जिवंत होतात, कोर्टाने वेगळं म्हटलं नसेल तर. तरी विनंतीच्या परिच्छेदात निशाणी 5 चा हुकूम पूर्ववत करावा असं स्पष्ट मागा. मधल्या काळात प्रतिवादीने मिळकत विकायला काढली असेल, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत जैसे थे राखण्याचा वेगळा अर्ज आजच द्या.

रूल 9 चा अर्ज फेटाळला तर ऑर्डर 43 रूल 1(सी) खाली अपील आहे. रूल 4 चा फेटाळला तर अपील नाही, रिव्हिजन किंवा घटनेच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालय. म्हणून अर्जाच्या मथळ्यात नियम बरोबर लिहा.