अपग्रेडनंतर सर्व्हर बिघडला, तर आधी माघार घ्यावी की आधी निदान करावे?

काटकोन (धागाकर्ता)

सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा अधिकृत आधार ३० जून २०२४ रोजी संपला. तरीही त्यावर चालणारे सर्व्हर पतसंस्था, छोटे कारखाने आणि महाविद्यालयांची कार्यालये यांत आजही दिसतात, आणि ते त्याच धर्तीच्या अल्मालिनक्स ८ वर नेण्याची कामे अजून निघत असतात. हे काम बहुधा एलिव्हेट या साधनाने, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या लीप या अपग्रेड-साधनावर आधारलेल्या प्रक्रियेने, शनिवारी रात्री जागच्या जागी उरकले जाते. अपग्रेड पूर्ण होते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो, आणि मग कुठलीतरी सेवा उठत नाही. येथून पुढे काय करावे, एवढाच या धाग्याचा विषय आहे.

माझे मत असे आहे की, ठरवून ठेवलेल्या वेळेत, समजा अर्ध्या तासात, दोषाचे नेमके कारण सापडले नाही, तर अपग्रेडपूर्वी घेतलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्षणी जतन केलेल्या स्थितीवर, परत जावे आणि निदान त्या बिघडलेल्या सर्व्हरच्या प्रतीवर, दिवसाउजेडी करावे. रात्री दोन वाजता माणूस दुरुस्ती करण्याऐवजी चाचपडू लागतो. प्रथम एसईलिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा बंद केली जाते, मग फायरवॉल थांबवली जाते, मग एखाद्या फोल्डरला सरसकट ७७७ परवानगी (कोणालाही वाचू, लिहू, चालवू देणारी) दिली जाते, आणि शेवटी क्रिप्टो पॉलिसी, म्हणजे एन्क्रिप्शनची नियमावली, सैल अशा ‘लेगसी’वर नेऊन ठेवली जाते. पहाटे सेवा उठते आणि सगळे घरी जातात, पण या चारपैकी कोणत्या बदलाने ती उठली हे कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून उरलेले तीन बदल मागे घेण्याचे धाडसही पुढे कोणी करत नाही. असे सर्व्हर मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतल्या काहींवर एसईलिनक्स ‘तात्पुरते’ बंद होऊन वर्षे उलटली आहेत.

लीपमध्ये मागे फिरण्याची अंगभूत सोय नाही, त्यामुळे स्नॅपशॉट हाताशी नसताना अपग्रेडला हात घालणे मी बेजबाबदारपणाचे समजतो. स्नॅपशॉट घ्यायचा आणि मग त्यावर परत जायला लाजायचे, हे मात्र मला त्याहूनही अनाकलनीय वाटते.

रात्रपाळी

मूळ लेखातील चाचपडण्याचे वर्णन खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तो दोष निदानाचा नसून निदान न करण्याचा आहे.

सेंटओएसच्या सातव्या आवृत्तीवरून अल्मालिनक्सच्या आठव्या आवृत्तीवर जाताना जे बिघडते, त्यातले बहुतेक आधीच माहीत असलेले असते. आठव्या आवृत्तीत नुसती ‘पायथन’ ही आज्ञा मुळात उपलब्ध नसते, त्यामुळे पहिल्या ओळीत तिचा मार्ग लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट, विशेषतः क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या), एकामागून एक अयशस्वी होतात. एनटीपीचे जुने पॅकेज काढून टाकलेले आहे आणि वेळ जुळवण्याचे काम फक्त क्रोनीकडे आहे. पीएचपी ५.४ वर चालणारा अनुप्रयोग ७.२ वर आला की माय-एसक्यूएलशी बोलणारी जुनी फंक्शन नाहीशी झालेली असतात. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या जुन्या रेड (RAID) कार्डांचे काही ड्रायव्हरही गेले आहेत. यांपैकी पायथनसारख्या कित्येक बाबींची सूचना लीपच्या पूर्वतपासणी अहवालात अगोदरच दिलेली असते. तो अहवाल वाचण्याचा कंटाळा केला जातो, एवढेच. आणि उरलेल्या गोष्टी जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीत, स्वच्छ शब्दांत लिहिलेल्या सापडतात. अयशस्वी सेवांची यादी काढावी, त्यातल्या पहिल्या सेवेचा जर्नल वाचावा, एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा, ही शिस्त असेल तर चाचपडण्याची वेळ येत नाही.

दुसरे असे की, प्रतीवर सगळे दोष दिसतात हे गृहीतकच कच्चे आहे. आठव्या आवृत्तीच्या मूळ क्रिप्टो पॉलिसीत टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद असतात. एखाद्या शाखेत जुन्या विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर अजून टीएलएस १.० ने जोडणी मागत असेल, तर ते तुमच्या प्रतीला कधीच भेटणार नाही. ते सोमवारी सकाळी खऱ्या सर्व्हरलाच भेटेल. तुम्ही माघार घेतली, प्रतीवर सगळे हिरवे करून पुढच्या शनिवारी पुन्हा अपग्रेड केले, तरी तो सोमवार चुकणार नाही.

काटकोन

रात्रपाळी, तुम्ही वर्णिलेली शिस्त असलेला माणूस अर्ध्या तासात कारण शोधून काढतोच, त्यामुळे माझा नियम त्याच्या आड येत नाही. नियम आहे तो अर्ध्या तासानंतरही कारण न सापडलेल्यांसाठी.

टीएलएसचा मुद्दा मी मान्य करतो, मात्र त्याचे उत्तर अपग्रेडच्या आधी देता येते. वेबसर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक जोडणीची टीएलएस आवृत्ती लिहून घेण्याची सोय अपाचीमध्ये आहे. ती महिनाभर चालू ठेवली, तर कोणत्या शाखेतून जुनी जोडणी येते हे अपग्रेडपूर्वीच कळते.

रात्रपाळी

कळते, हे ठीक. पण तुमचा स्नॅपशॉट किती विश्वासाचा आहे, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. सर्व्हर आभासी असेल तर किमान सोय असते. प्रत्यक्ष यंत्रावर मात्र बहुतेक जण एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थापकाचा पारंपरिक स्नॅपशॉट घेतात, आणि त्याला दिलेली जागा बदललेल्या ब्लॉकनी भरली की तो निकामी होतो. संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना किती ब्लॉक बदलतात, याचा अंदाज न घेता पाच-दहा जीबी देऊन निर्धास्त झालेल्यांना परतीची वाटच राहत नाही, आणि हे त्यांना परत जायची वेळ आल्यावर कळते.

शिवाय सोमवारी व्यवहार सुरू झाल्यावर दोष दिसला, तर माघार म्हणजे तेवढ्या तासांच्या पावत्या पुसून टाकणे. पतसंस्थेच्या काउंटरवर घेतलेली रोकड कागदावर आहे आणि सर्व्हरवर नाही, ही स्थिती कोण निस्तरणार?

डीबीए_कोपरा

वरील दोघांचा वाद सेवा उठते की नाही, याभोवती फिरतो आहे. माझ्या मते या स्थलांतरातला सर्वांत वाईट दोष असा आहे की त्यात सगळ्या सेवा उठतात, जर्नल स्वच्छ असतो, आणि डेटाबेस चुकीची उत्तरे देऊ लागतो.

पोस्टग्रेस हा डेटाबेस मजकुराची क्रमवारी साधारणपणे ऑपरेटिंग सिस्टीमच्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीकडून घेतो. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे आणि अल्मालिनक्स ८ मध्ये २.२८. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या या २.२८ आवृत्तीत क्रमवारीचे नियम आयएसओ १४६५१ या मानकाच्या नव्या आवृत्तीप्रमाणे मोठ्या प्रमाणावर बदलले गेले. हा फरक कोणालाही पाहता येतो: ‘१-१’ आणि ‘११’ अशा दोन ओळी इंग्रजी यूटीएफ-८ लोकॅल (भाषेची आणि क्रमवारीची मांडणी) ठेवून सॉर्ट या आज्ञेला द्याव्यात. जुन्या सर्व्हरवर ‘११’ आधी येतो, नव्यावर ‘१-१’ आधी येतो, कारण जुने नियम आडव्या रेघेकडे प्रथम दुर्लक्ष करत आणि नवे तसे करत नाहीत.

आता सदस्य क्रमांक, गट क्रमांक, पावती क्रमांक अशा स्तंभांचा विचार करावा, ज्यांत आडव्या आणि तिरप्या रेघा भरलेल्या असतात. त्यांचे बी-ट्री इंडेक्स (फांद्यांच्या रचनेतल्या शोधसूच्या) जुन्या क्रमाने रचून डिस्कवर ठेवलेले आहेत, आणि अपग्रेडनंतर पोस्टग्रेस त्यांत नव्या क्रमाने शोध घेतो. मग तो चुकीच्या फांदीवर जातो आणि ‘नोंद नाही’ असे सांगतो. मी पाहिलेल्या एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने सदस्य क्रमांक टाकला की खाते सापडत नव्हते, आणि नावाने शोधले की तेच खाते तोच क्रमांक दाखवत समोर येत होते. इंडेक्स वापरू नये असे त्या सत्रापुरते पोस्टग्रेसला सांगितले, आणि क्रमांकानेही खाते लगेच सापडले. या दोन उत्तरांतला फरक हीच निदानाची खूण आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारा, एकमेवतेचा इंडेक्सही याच कारणाने आंधळा होतो. क्रमांक आधीपासून आहे हे त्याला दिसत नाही, तो दुसरी नोंद स्वीकारतो, आणि नंतर इंडेक्स नव्याने बांधायला घेतला की दुहेरी नोंदींमुळे ते बांधकामच अडते. मग त्या जोड्या एकेक करून हाताने सोडवाव्या लागतात.

आता काटकोन यांच्या माघारीकडे येतो. संपूर्ण यंत्राचा, डेटासह, स्नॅपशॉट असेल तर माघार सुरक्षित आहे, फक्त मधले व्यवहार जातात. पण डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवून केवळ ऑपरेटिंग सिस्टीम मागे नेली, आणि मधल्या काळात नव्या क्रमाने लिखाण झालेले असले, तर इंडेक्समध्ये दोन्ही क्रमांची सरमिसळ होते आणि तो जुन्या सर्व्हरवरही चुकतो. ‘आम्ही एक जुना सर्व्हर स्ट्रीमिंग रेप्लिका म्हणून तयार ठेवतो’ असे सांगणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण ती रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी प्रत, इंडेक्सची पाने जशीच्या तशी उचलते. मुख्य सर्व्हरवर इंडेक्स नव्याने बांधले, की जुन्या जीलिबसीवरची रेप्लिका त्याच क्षणी निरुपयोगी होते.

निळीशाई

डीबीए_कोपरा, एक शंका आहे. डेटाबेस ‘पीजी-अपग्रेड’ने पुढच्या आवृत्तीत नेला असेल तर इंडेक्स आपोआप नवे होत नाहीत का? आणि पोस्टग्रेस स्वतः इशारा का देत नाही?

डीबीए_कोपरा

होत नाहीत. पीजी-अपग्रेड इंडेक्सच्या फायली आहेत तशाच पुढे नेतो. डंप, म्हणजे सगळ्या डेटाचा उतारा, काढून नव्या ठिकाणी भरला तरच इंडेक्स नव्या क्रमाने बांधले जातात. इशाऱ्याचे म्हणाल, तर डेटाबेसच्या मूळ क्रमवारीची आवृत्ती नोंदवून ठेवण्याची आणि ती जुळत नसल्यास सांगण्याची सोय पोस्टग्रेस १५ मध्ये आली. सेंटओएस ७ वर पुष्कळ ठिकाणी त्याहून जुन्या आवृत्त्या चालतात आणि त्या गप्प राहतात. अशा वेळी एमचेक हे एक्स्टेन्शन वापरून इंडेक्स तपासता येतात. संख्या, तारखा आणि ‘सी’ लोकॅलमधला (नुसत्या बाइटच्या क्रमाने लागणारा) मजकूर यांना हा त्रास नाही, त्यामुळे सगळा डेटाबेस उपसण्याची गरज पडत नाही.

निळीशाई

मग मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. ज्या प्रक्रियेला परतीचा रस्ता नाही, जिचे दोष सोमवारी दिसतात, आणि जिच्यामुळे इंडेक्स मुकाट्याने बिघडतात, ती जागच्या जागी करायचीच कशाला? शेजारी नवा सर्व्हर उभा करावा, डंपने किंवा लॉजिकल रेप्लिकेशनने (नोंदींतले बदल दुसऱ्या सर्व्हरला पाठवत राहून) डेटा न्यावा, आणि जुना सर्व्हर बंद करून तसाच ठेवावा. मग माघार की निदान हा प्रश्नच उरत नाही.

रात्रपाळी

निळीशाई, तत्त्वतः कोणीही असहमत होणार नाही, पण ज्या संस्थांबद्दल आपण बोलत आहोत तिथे दुसरे यंत्र नसते, आणि असले तरी पहिले यंत्र कसे उभे केले होते याचा एकही कागद नसतो. अनुप्रयोग लिहून देणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो, परवाना यंत्राच्या ओळखीशी बांधलेला असतो, आणि क्रॉनमध्ये कोणती स्क्रिप्ट का आहे हे सांगणारे कोणी उरलेले नसते. जागच्या जागी अपग्रेड लोक हौसेने करत नाहीत.

डीबीए_कोपरा यांचा प्रतिसाद मात्र माझ्याच बाजूचा आहे असे मी मानतो. सेवा उठते की नाही एवढेच अर्ध्या तासात पाहून पुढे जाणाऱ्या नियमात हा दोष कधीच सापडला नसता.

काटकोन

तो प्रतिसाद एकट्या तुमच्या बाजूचा नाही. जर्नल वाचून निदान करणाऱ्यालाही हा दोष दिसला नसता, कारण जर्नल स्वच्छच होता. उलट त्यावरून असे दिसते की, व्यवहार खुले करण्यापूर्वी निर्णय झाला पाहिजे, कारण नव्या क्रमाने पहिली नोंद लिहिली जाईपर्यंतच माघार पूर्णपणे निर्धोक असते. म्हणून मी माझा नियम थोडा बदलून मांडतो. अपग्रेडनंतर डेटाबेस केवळ वाचनापुरता उघडावा, मजकुराच्या इंडेक्सची तपासणी करावी, आवश्यक ते नव्याने बांधावेत, आणि हे सगळे झाल्याशिवाय अनुप्रयोगाला लिहू देऊ नये. यात कुठेही अडले आणि अर्ध्या तासात कारण कळले नाही, तर डेटासह मागे जावे.

डीबीए_कोपरा

क्रम बरोबर आहे, एक दुरुस्ती हवी. पोस्टग्रेसमधली वाचनापुरती स्थिती भरवशाची नाही, कारण कोणतेही सत्र ती स्वतःपुरती उठवू शकते. त्याऐवजी जोडण्यांच्या परवानगीच्या फाइलमध्ये अनुप्रयोगाची वाट बंद करावी आणि फक्त प्रशासकाला आत येऊ द्यावे.

रात्रपाळी

या क्रमाला माझा विरोध नाही, अर्ध्या तासाला आहे. मोठ्या तक्त्यांवरचे मजकुराचे सगळे इंडेक्स नव्याने बांधायला साध्या डिस्कवर कित्येक तास लागू शकतात, आणि दुहेरी नोंदीपाशी ते अडले तर त्या जोड्या सोडवायला संस्थेच्याच माणसाला विचारावे लागते, जो रविवारी पहाटे फोन उचलत नाही. तिथे कारण पहिल्या पाच मिनिटांत कळलेले असते. वेळ दुरुस्तीला लागतो. कारण न कळण्याची आणि काम न संपण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवणार असाल, तर ती दुसरी मर्यादा किती, हे काटकोन यांनी सांगावे.