कल्ट चित्रपट आणि ‘हिपस्टर’ आवड: बडोदेकरांना एक प्रश्न

मांडवीकर विचारतात:

आम्ही काही मित्रमंडळी अधूनमधून कोणाच्या तरी घरी जमून एखादा जुना चित्रपट एकत्र पाहतो. पुढच्या बैठकीसाठी प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक ‘कल्ट’ चित्रपट, म्हणजे ज्याच्यावर त्याचे चाहते जीव टाकतात असा, सुचवावा असे ठरले, तेव्हा मी ‘अशी ही बनवाबनवी’चे नाव दिले आणि फाइन आर्ट्समध्ये शिकलेल्या एका मित्राने ‘ओम-दर-ब-दर’चे. माझी निवड वाचून त्याला हसू आवरले नाही. जो चित्रपट घराघरांत तोंडपाठ आहे त्याला कल्ट म्हणत नाहीत, तो निव्वळ लोकप्रिय, असे त्याचे म्हणणे. मग मीही त्याला सुनावले, की कोणाला कळत नाही म्हणूनच एखादा चित्रपट डोक्यावर घेणे ही शुद्ध हिपस्टरगिरी झाली. गंमत अशी, की दोन्ही चित्रपट १९८८चेच आहेत. एकाने थिएटरे भरली आणि दुसरा २०१४ पर्यंत थिएटरात लागलाच नाही. कल्ट ठरण्यासाठी चित्रपट अपयशी किंवा दुर्मीळच असावा लागतो का? आणि समोरच्याची आवड खरी आहे की मिरवण्यापुरती, हे ओळखायचे कसे?

रावपुऱ्यातले काका:

तुमच्या मित्राचा नियम पुण्यात कदाचित चालेल, बडोद्यात तो लागू पडत नाही. महाराष्ट्रात ‘बनवाबनवी’ सगळ्यांचाच आहे, म्हणून तिथे त्याला कल्ट म्हणणे जरा विनोदीच वाटेल. आमच्या घरी मात्र तो भाड्याने आणलेल्या कॅसेटवर पाहिला गेला, आणि ती कॅसेट परत करण्याआधी दांडिया बाजारातल्या दोन-तीन नातेवाइकांकडे फिरून येत असे. सगळा व्यवहार गुजरातीत चालणाऱ्या कचेरीत जेव्हा कोणी हळूच त्या चित्रपटातल्या धनंजय मान्यांचा पत्ता विचारतो आणि चार टेबलांपलीकडून दुसरा कोणी फिस्सकन हसतो, तेव्हा तो चित्रपट मूठभरांची खूण होतो. कल्टला लागते ते एवढेच: थोडी माणसे, पुन्हा पुन्हा पाहणे आणि बाहेरच्याला न कळणारी भाषा. न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात १९७६ पासून ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’ या चित्रपटाचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले, तेव्हा प्रेक्षक पडद्यावरच्या पात्रांना मोठ्याने उत्तरे देऊ लागले होते. आमच्याकडच्या मंगळागौरीच्या जागरणात याहून वेगळे काय घडते, सांगा.

अपयशाची अटही मला पटत नाही. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने सुमारे सात लाखांत केलेला ‘जाने भी दो यारो’ (१९८३) आणि तिकीटबारीवर न चाललेला ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) यांना पुढे टीव्ही आणि कॅसेटने घरोघर नेले, हे खरे. पण त्यांच्यावर लोक जीव टाकतात ते ते पडले म्हणून नव्हे. शिवाय ‘बनवाबनवी’चा सांगाडा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) घेतलेला आहे. दुर्मीळपणाचाच मान द्यायचा असेल, तर तो त्या चित्रपटाला द्या.

तुटकी रिळे:

मीही फाइन आर्ट्सचाच, त्यामुळे त्या मित्राची बाजू मांडणे भाग आहे. काकांचे बरेचसे पटले, पण ‘ओम-दर-ब-दर’ आवडणे म्हणजे मिरवणे, हा आरोप फार स्वस्त आहे. तो चित्रपट कळत नाही, कारण तो कळवण्याच्या भानगडीत पडतच नाही. अजमेर-पुष्करकडचा एक मुलगा, ज्याला श्वास रोखून धरण्याची कला साधली आहे. ज्योतिष सांगणारे वडील. पोटात हिरे घेऊन फिरणारे बेडूक. हे सगळे एकामागून एक येते, आणि पहिल्यांदा पाहताना मी वैतागलो होतो. दुसऱ्यांदा गाण्यांसाठी पाहिला. त्यानंतर मात्र त्यातल्या वाक्यांचा ठेका जाहिरातींचा, शाळेच्या पाठांतराचा आणि रेडिओचा आहे हे कानाला लागले, आणि तिथून पुढे तो मला विनोदी वाटू लागला.

‘ओम-दर-ब-दर’चे दिग्दर्शक कमल स्वरूप हे नाव आपल्याला परके वाटण्याचेही कारण नाही. ‘घाशीराम कोतवाल’वरचा १९७६चा चित्रपट ज्या ‘युक्त’ सहकारी गटाने केला, त्यात दिग्दर्शक मणी कौल यांच्याबरोबर तेही होते. पुढे त्यांनी दादासाहेब फाळक्यांचा माग काढण्यात अनेक वर्षे घालवली, आणि फाळके शिकले ते आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात. मांडवीकर, ही माहिती तुमच्या मित्राला ठाऊक नसेल, तर मात्र मिरवण्याच्या आरोपाचा खुशाल फेरविचार करा.

एकपडदा:

खरी हिपस्टरगिरी तुम्ही दोघेही शोधता त्या जागी नाहीच. ती पाहायची असेल तर कांती शाहांच्या ‘गुंडा’ची (१९९८) भक्तमंडळी पाहा. यमके जुळवून बोलणारे खलनायक मलाही हसवतात, नाही असे नाही. पण तिकीट काढून, शिट्ट्या मारत, मिथुनसाठी असले चित्रपट पाहणारा एक प्रेक्षक होता, आणि आज इंटरनेटवर हसणाऱ्यांपैकी अनेकजण चित्रपटाला हसता हसता त्या प्रेक्षकालाही हसत असतात. ‘ओम-दर-ब-दर’वाला निदान आपल्या चित्रपटाला मान तरी देतो. वाईट म्हणून आवडणाऱ्या चित्रपटाबद्दल बोलताना माणूस स्वतःला त्या चित्रपटाच्या वर ठेवतो, आणि तो वरचा पाट सुटू नये यासाठीच त्याची सगळी धडपड असते. उद्या ‘गुंडा’ सगळ्यांनाच आवडू लागला, तर हे लोक दुसरा चित्रपट शोधतील. काका मात्र ‘बनवाबनवी’च पाहत राहतील.

मांडवीकर:

सर्वांचे आभार. एकपडदा, तुमचा शेवटचा मुद्दा मित्राला वाचून दाखवला. त्याच्याकडे ‘गुंडा’च्या संवादांचे स्टिकर असल्याने तो थोडा गप्प झाला. कलाभवनाचे त्याला ठाऊक होते, फाळक्यांच्या शोधाचे नव्हते. पुढच्या बैठकीत आधी ‘ओम-दर-ब-दर’ आणि जेवणानंतर ‘बनवाबनवी’ असा क्रम ठरला आहे. उलट क्रमाला घरच्या मंडळींनी विरोध केला, कारण तसे केल्यास दुसऱ्या चित्रपटाला कोणी जागे राहणार नाही, असे त्यांचे मत पडले. आमच्या गुजराती शेजाऱ्यांनाही बोलावले आहे. पार्वतीबाईंच्या साडीतल्या लक्ष्याला हसायला भाषा लागत नाही, पण मधुमेहाच्या औषधाच्या प्रसंगाला लागेल असे वाटते; कोणाकडे इंग्रजी किंवा हिंदी उपशीर्षके असलेली चांगली प्रत असेल, तर कृपया इथे कळवावे.