सात फुटांहून अरुंद नावेत चौघांची सोय कशी करावी?

प्रश्न
मी सोलापूरचा. मुलगी व जावई इंग्लंडमध्ये कालव्यावरील नॅरोबोटीत राहतात. नाव ५७ फूट लांब असली, तरी तिथल्या अरुंद कालव्यांवरील लॉक (पाण्याची पातळी बदलून नाव वर-खाली नेणारे दारांचे हौद) सुमारे ७ फूट रुंदीचेच असल्याने तिची रुंदी ६ फूट १० इंचच आहे. उन्हाळ्यात आम्ही उभयता दोन महिने जाणार आहोत. जावई एका अंगाला छतापर्यंत कपाट करून घ्यावे म्हणतात. ते योग्य ठरेल काय?

उत्तर १
सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाला लागून असलेल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. वळकट्या गुंडाळून माळ्यावर गेल्या की त्याच जागी पाट मांडले जात. इंग्लंडच्या त्या कालव्यांवरून पूर्वी नावेतच राहून मालवाहतूक करणारी कुटुंबेही असेच करीत. जेमतेम १० फूट लांबीच्या केबिनमध्ये फडताळाचे दार खाली पाडले की ते जेवणाचे टेबल होई आणि रात्री आडवा पलंग उघडला की जायची वाट बंद होई. त्यामुळे कपाटाऐवजी घडीचा पलंग करावा, असे माझे मत आहे.

उत्तर २
मी दोन वर्षे अशा नावेत राहिलो आहे. छतापर्यंतचे कपाट मुळीच करू नये. नावेच्या भिंती वर जाताना आत कलतात, त्यामुळे सरळ कपाटामागे मोकळी जागा वाया जाते. शिवाय सगळा भार एका अंगाला आल्यास नाव त्या बाजूला झुकते आणि मग फरशीखालचे वजनाचे दगड हलवीत बसावे लागते. जड सामान पलंगाखाली व दोन्ही अंगांना विभागून ठेवावे. पायऱ्यांच्या पोटात खण करता येतात, आणि पुढच्या उघड्या डेकवर ताडपत्रीचे आच्छादन घातले की चपला, छत्र्या व ओले कपडे बाहेर राहतात. आम्हाला खरी जागा तिथेच मिळाली. मात्र हवेच्या जाळ्या कशानेही झाकू नयेत. गॅस आणि शेगडी असलेल्या नावेत ते जिवावर बेतू शकते. गादीखाली अखंड फळी न ठोकता पट्ट्या बसवाव्यात, कारण नावेच्या थंड पोलादामुळे खालून दमट होऊन गादीला बुरशी येते.

प्रश्नकर्ता
दोघांचाही आभारी आहे. कपाटाचा बेत रद्द करण्याविषयी जावयांना कळवले आहे. सौभाग्यवतींनी भेट म्हणून सहा सोलापुरी चादरी बांधल्या होत्या. त्या ओल्या झाल्यास तिथे वाळणार कुठे, असे विचारल्यावर दोनच ठेवल्या, त्याही नाइलाजाने.