ब्लू टँगवर पांढरे ठिपके, तापमान वाढवू का?

खारट_डोंबिवलीकर:
मंडळी, मदत हवी आहे, शिव्या खायचीही तयारी आहे. खाऱ्या पाण्याचा टँक चार फुटी, साधारण २४० लिटर. दीड वर्षापासून दोन क्लाउन मासे, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणि थोडे सॉफ्ट कोरल मजेत होते. लेकीला वाढदिवसाला "ती निळी", म्हणजे ब्लू टँग मासा, हवी होती. दुकानदार म्हणाला, "दोन इंची आहे, टँकच्या मापानेच वाढते." आणली. पहिल्याच रात्री ती आडवी पडलेली बघून लेकीने भोकाड पसरलं. जवळ गेलो तर पठ्ठी टुणकन उठून खडकात शिरली!

आज सहावा दिवस. सकाळपासून अंगावर मीठ भुरभुरवल्यासारखे ठिपके, खडकाला अंग घासतेय. खाणं चालू आहे. दुकानदार म्हणतो चिलर बंद करून पाणी ३० अंशांवर न्या आणि लसूण द्या. सध्या २६ आहे. करू का?

मत्स्यवेडी_पुणे:
चिलरला हात लावू नका. ती ३० अंशांची युक्ती गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांची. हा क्रिप्टोकॅरियॉन, खाऱ्या पाण्यातला परजीवी जंतू, त्याचं ३० ला काही बिघडत नाही. उलट पाण्यातला प्राणवायू घटून मासाच धापा टाकेल. लसणाने भूक वाढली तर वाढली, ठिपके जाणार नाहीत.

एक फसगत आधीच सांगून ठेवते. दोन-चार दिवसांत ठिपके आपोआप गायब होतील आणि तुम्ही पेढे वाटाल. तेव्हा जंतू अंगावरून सुटून वाळूत, खडकावर गाठी करून बसलेला असतो. एकेका गाठीतून शेकडो पिल्लं निघतात. मी २०१९ मध्ये पेढे वाटले होते. पंधरवड्यात टँगही गेला आणि चार वर्षांचे क्लाउनही.

औषध तांब्याचं, पण मुख्य टँकमध्ये थेंबही नको, कोरल आणि श्रिंप मरतील. ७०-८० लिटरचा वेगळा टँक लावा: स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसीचे एल्बो. खडक-वाळू नको, तांबं शोषून घेतात. क्लाउनही तिकडेच न्यायचे, ठिपके दिसत नसले तरी. मात्रा बाटलीवर असेल ती, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा आणि महिनाभर टिकवा. अमोनिया रोज मोजा. पाणी बदलाल त्यातही तेवढंच औषध हवं, इथेच बहुतेक जण चुकतात. मुख्य टँक ७६ दिवस माशांविना चालवा.

पकडायला जाळी नको. शेपटीच्या देठाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा काटा असतो, जाळीत अडकतो. माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घ्या. ती ज्या फटीत घट्ट बसली असेल तो दगडच अलगद उचला आणि खाली श्रीखंडाचा मोठा डबा धरा. ओढून काढू नका.

सहा_फुटी:
वरचं सगळं बरोबर. पण चार फुटांत ठेवणार कसं? "टँकच्या मापाने वाढते" म्हणजे काय, बोन्साय आहे का? हा मासा ३० सेंटीमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर येरझारा घालतो. सहा फूट, ७०० लिटरच्या खाली मी तरी ठेवणार नाही. बरी झाली की मोठ्या टँकवाल्याला द्या.

आणि मेली तर दुसरी आणू, असं नको. हिची पैदास माणसाच्या हाताखाली पहिल्यांदा जमली ती २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. दुकानात येतात त्या बहुतेक अजूनही समुद्रातून धरलेल्याच.

खारट_डोंबिवलीकर:
रात्री एक वाजता मोहीम फत्ते. टॉर्च बायकोने धरला. श्रीखंडाचा डबा नव्हता, इडलीच्या पिठाचा घेतला, त्याबद्दल वेगळं ऐकून घेतलं. टँग आता एल्बोतून तोंड तेवढं बाहेर काढून बसलीय. क्लिपला लावलेली नोरी (समुद्री शेवाळाची पापडी) सकाळी कुरतडली. औषध अजून घातलेलं नाही, कॉपरची टेस्ट किट उद्या मिळेल. मोठ्या टँकचं लेकीला अजून सांगितलेलं नाही.

मत्स्यवेडी_पुणे:
किटशिवाय थांबलात ते उत्तम. किट औषधाच्या प्रकाराला चालणारी आहे ना, बघून घ्या. चीलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेलं) तांबं प्रत्येक किटवर नीट दिसत नाही. आणि क्वारंटाइनमधली बादली, पाइप, हात तसेच मुख्य टँकमध्ये घालू नका. पिठाचा डबाही आता स्वयंपाकघरात परत नको.